बँका आणि संगणकप्रणाली : खरेदीनंतरची जबाबदारी

भारतीय रिझर्व्ह बँकेने २४ एप्रिल २०२४ रोजी कोटक महिंद्रा बँकेला दोन कामे तत्काळ थांबविण्याचा आदेश दिला. ऑनलाईन व मोबाईल माध्यमातून नवे ग्राहक जोडणे बंद आणि नवी क्रेडिट कार्डे देणेही बंद. आदेशामागील कारण घोटाळ्याचे, बुडीत कर्जांचे किंवा भांडवलटंचाईचे नव्हते. २०२२ आणि २०२३ अशी सलग दोन वर्षे केलेल्या तपासणीत बँकेच्या माहिती तंत्रज्ञान व्यवस्थेत गंभीर त्रुटी आढळल्या आणि त्या दूर करण्यासाठी बँकेने केलेले प्रयत्न अपुरे ठरले, असे रिझर्व्ह बँकेने नमूद केले होते. यंत्रसामग्रीची नोंद ठेवणे, सॉफ्टवेअर वेळेवर अद्ययावत करणे, कोणत्या कर्मचाऱ्याला कोणत्या माहितीपर्यंत पोहोचता येते यावर नियंत्रण ठेवणे, बाहेरच्या पुरवठादारांवर देखरेख ठेवणे, संकटकाळी पर्यायी केंद्रातून काम सुरू ठेवणे या सर्व बाबतींत उणिवा होत्या. बँकेचा व्यवसाय ज्या गतीने वाढला, त्या गतीने ही व्यवस्था वाढविली गेली नाही, असा या आदेशाचा सारांश होता.

दुसऱ्याच दिवशी शेअर बाजारात या बँकेचा समभाग १० टक्क्यांहून अधिक घसरला. निर्बंध उठले ते १२ फेब्रुवारी २०२५ रोजी, म्हणजे साडेनऊ महिन्यांनंतर.

अशी कारवाई प्रथमच झाली असे नाही. डिसेंबर २०२० मध्ये एचडीएफसी बँकेला नव्या डिजिटल योजना आणि नवी क्रेडिट कार्डे थांबवावी लागली होती. त्यापूर्वीची दोन वर्षे सेवा वारंवार खंडित होत होती आणि त्याच नोव्हेंबरमध्ये मुख्य डेटा सेंटरचा वीजपुरवठा बंद पडल्याने ग्राहकांचे व्यवहार अडले होते. हे निर्बंध पूर्णपणे उठण्यास मार्च २०२२ उजाडला. ऑक्टोबर २०२३ मध्ये बँक ऑफ बडोदाच्या ‘बॉब वर्ल्ड’ या ॲपवर नवे ग्राहक घेण्यास मनाई झाली. ती मे २०२४ मध्ये उठली. नोंदणीचा आकडा फुगविण्यासाठी खातेदारांच्या नावापुढे भलत्याच व्यक्तींचे मोबाईल क्रमांक जोडले गेल्याची वृत्ते त्याआधी प्रसिद्ध झाली होती.

या तिन्ही बँका मोठ्या आहेत आणि तंत्रज्ञानावर खर्च करण्याची ऐपत तिघींचीही आहे. त्यामुळेच प्रश्न उपस्थित होतो तो असा, की पैसा उपलब्ध असताना आणि गरजही मान्य असताना तंत्रज्ञान सांभाळणे एवढे अवघड का ठरते? आणि ज्यांच्याकडे तेवढा पैसाच नाही, अशा शेकडो लहान सहकारी बँकांतील ठेवीदारांनी यातून काय समजावे?

संशयापासून सक्तीपर्यंत

भारतीय बँकांमध्ये संगणक सहजासहजी आला नाही. नोकऱ्या जातील या भीतीने कर्मचारी संघटनांचा त्याला विरोध होता आणि बेकारीचे त्या काळातील प्रमाण पाहता ती भीती निराधार म्हणता येणार नाही. सप्टेंबर १९८३ मध्ये इंडियन बँक्स असोसिएशन आणि संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाबाबत करार झाला. त्याच सुमारास रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन डेप्युटी गव्हर्नर डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली आणि १९८४ मध्ये तिचा अहवाल आला. ‘संगणक’ या शब्दाविषयीच एवढा संशय होता की शाखांमध्ये आलेल्या यंत्रांना ‘ॲडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशिन’ असे सौम्य नाव मिळाले. म्हणजे खातेवहीत नोंद करणारे प्रगत यंत्र. डॉ. रंगराजन यांच्याच अध्यक्षतेखालील दुसऱ्या समितीने पुढे १९८९ मध्ये व्यापक संगणकीकरणाचा आराखडा मांडला.

तरीही नव्वदच्या दशकात सार्वजनिक बँकांचा वेग मंदच राहिला. खरा धक्का बाहेरून बसला. १९९४-९५ मध्ये खासगी क्षेत्रातील नव्या बँका सुरू झाल्या आणि त्यांनी पहिल्या दिवसापासून सर्व खाती संगणकावर ठेवली. त्यांच्याकडे जुन्या खातेवह्या नव्हत्या आणि जुने करारही नव्हते. दुसरा धक्का अनपेक्षित दिशेने आला. तत्कालीन केंद्रीय दक्षता आयुक्त एन. विठ्ठल यांनी १ जानेवारी २००१ पूर्वी बँकांचा ७० टक्के व्यवसाय संगणकावर आणावा, असा निर्देश दिला. हाताने लिहिलेल्या नोंदींत गैरव्यवहार लपविणे सोपे जाते, हा त्यामागील विचार. सार्वजनिक बँकांच्या आधुनिकीकरणाला अर्थखात्याइतकाच भ्रष्टाचारविरोधी यंत्रणेचाही हातभार लागला, ही बाब आज फारशी कोणाला आठवत नाही.

मात्र त्या वेळचे संगणकीकरण शाखेपुरते होते. प्रत्येक शाखेचा संगणक वेगळा आणि त्यातील खातीही त्या शाखेचीच. दादरच्या शाखेतील खातेदार नागपूरच्या शाखेत परकाच असे. खातेवही कागदावरून पडद्यावर आली, पण कामाची रीत जुनीच राहिली.

अर्थशास्त्रज्ञांना हा अनुभव परिचित आहे. संगणकयुग सर्वत्र दिसते, उत्पादकतेच्या आकडेवारीत तेवढे दिसत नाही, अशा आशयाचे निरीक्षण अमेरिकी अर्थतज्ज्ञ रॉबर्ट सोलो यांनी १९८७ मध्ये नोंदविले होते. त्यानंतर १९९० मध्ये आर्थिक इतिहासाचे अभ्यासक पॉल डेव्हिड यांनी विजेचा दाखला दिला. कारखान्यांत वाफेच्या इंजिनाच्या जागी विजेची मोटर आली, तरी छताखालून फिरणारे लांब दांडे आणि पट्टे अनेक वर्षे तसेच राहिले. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर बसली आणि कारखान्याची मांडणी बदलली, तेव्हाच विजेचा खरा लाभ मिळू लागला. त्याला सुमारे चार दशके लागली.

भारतीय बँकांच्या बाबतीत मांडणी बदलण्याचे काम ‘कोअर बँकिंग’ने केले. या व्यवस्थेत खाते शाखेचे न राहता बँकेचे होते. सर्व नोंदी मध्यवर्ती ठिकाणी असतात आणि शाखा ही त्या नोंदींपर्यंत पोहोचण्याची एक खिडकी ठरते. भारतीय स्टेट बँकेने २००२ च्या सुमारास हे काम टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या नेतृत्वाखालील कंपन्यांकडे सोपविले. मूळ प्रणाली फायनान्शियल नेटवर्क सर्व्हिसेस या ऑस्ट्रेलियातील कंपनीची होती. पुढे २००५ मध्ये टाटा कन्सल्टन्सीने ती कंपनीच विकत घेतली. दहा हजारांच्या आसपास शाखा आणि कोट्यवधी खाती एका प्रणालीवर आणण्यास २००८ पर्यंतचा काळ लागला. अन्य अनेक सार्वजनिक बँकांनी इन्फोसिसची ‘फिनॅकल’ ही प्रणाली निवडली.

यंत्रे बसविणे हा या कामाचा सोपा भाग होता. एकाच व्यक्तीचे नाव तीन खात्यांत तीन प्रकारे लिहिलेले, जुने पत्ते, न जुळणाऱ्या सह्या, वर्षानुवर्षे न मिटलेल्या आंतरशाखीय नोंदी हे सारे निस्तरून मगच खाती स्थलांतरित करावी लागत. हे काम शाखांतील कर्मचाऱ्यांनीच केले आणि बहुधा रात्री उशिरापर्यंत थांबून केले. तंत्रज्ञानाच्या यशोगाथांत कंपन्यांची नावे येतात, या कर्मचाऱ्यांचा उल्लेख क्वचितच येतो.

लाभ कोणाला मिळाला

तंत्रज्ञानापासून व्यवसायाला काय मिळाले, हा प्रश्न संचालक मंडळाच्या बैठकीत हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर मात्र नेहमीच ताळेबंदात सापडत नाही. बचत खात्यावरील व्याजाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे.

३१ मार्च २०१० पर्यंत बचत खात्यावरील व्याज महिन्याच्या १० तारखेपासून अखेरच्या दिवसापर्यंत खात्यात असलेल्या किमान शिलकेवर मिळत असे. खातेवही हाताने लिहिली जात असताना लाखो खात्यांची रोजची शिलक गुणून व्याज काढणे शक्यच नव्हते, म्हणून हा नियम. समजा, तीस दिवसांच्या एखाद्या महिन्यात २८ तारखेपर्यंत खात्यात १ लाख रुपये होते आणि त्यानंतर शेवटच्या दोन दिवसांत केवळ ५ हजार रुपये उरले. तेव्हाच्या साडेतीन टक्के दराने खातेदाराला त्या महिन्याचे व्याज फक्त ५ हजारांवर, म्हणजे जेमतेम १५ रुपये मिळे. १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकेवर व्याज देणे बंधनकारक झाले. त्याच खातेदाराचे व्याज या हिशेबाने सुमारे २६९ रुपये होते.

वाणिज्य बँकांच्या शाखांतील संगणकीकरण समाधानकारक पातळीवर पोहोचल्यामुळे हा बदल शक्य झाला, असे रिझर्व्ह बँकेने तेव्हा स्पष्ट केले होते. मार्च २०१० अखेर सार्वजनिक बँकांच्या सुमारे ९८ टक्के शाखा पूर्णतः संगणकीकृत झाल्या होत्या. बँकांच्या दृष्टीने पाहिल्यास हा खर्च वाढविणारा निर्णय होता. ज्या तंत्रज्ञानासाठी त्यांनी कोट्यवधी रुपये मोजले, त्याच तंत्रज्ञानाने त्यांचा एक सोयीचा लाभ काढून घेतला. देशभरातील खातेदारांच्या दृष्टीने मात्र संगणकीकरणाचे एवढे थेट फळ दुसरे क्वचितच असेल.

‘यूपीआय’च्या बाबतीतही हाच पेच मोठ्या प्रमाणावर दिसतो. एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेल्या या व्यवस्थेने ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात २ हजार कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला. जानेवारी २०२० पासून या व्यवहारांवर व्यापाऱ्याकडून शुल्क घेण्यास मनाई करण्यात आली. केंद्र सरकार लहान रकमांच्या व्यवहारांसाठी प्रोत्साहन निधी देते. २०२४-२५ साठी तो सुमारे १,५०० कोटी रुपयांचा होता. पण चहाच्या टपरीवर दिलेले दहा रुपयेही बँकेच्या मध्यवर्ती खातेवहीत दहा लाखांच्या व्यवहाराप्रमाणेच नोंदवावे लागतात. शिलक तपासणे, रक्कम वजा करणे, नोंद ठेवणे, संदेश पाठविणे हे सारे प्रत्येक वेळी करावे लागते. कोअर बँकिंग प्रणाल्या ज्या काळात निवडल्या गेल्या, त्या काळात खातेदार महिन्यातून चार-पाच व्यवहार करी. आज तेवढे व्यवहार तो सकाळच्या फेरफटक्यात करतो.

लहान रकमा मोबाईलमधूनच परस्पर वळत्या व्हाव्यात आणि बँकेच्या मुख्य प्रणालीवर भार पडू नये, यासाठी सप्टेंबर २०२२ मध्ये ‘यूपीआय लाईट’ आणावे लागले. मार्च आणि एप्रिल २०२५ मध्ये यूपीआय सेवा अल्पावधीत तीनदा विस्कळीत झाली. १२ एप्रिलच्या घटनेत काही बँकांकडून व्यवहाराची स्थिती पुनःपुन्हा विचारणाऱ्या संदेशांचा लोंढा आल्याचे निष्पन्न झाले. त्यानंतर ऑगस्ट २०२५ पासून एका ॲपवरून दिवसाला ५० वेळाच शिलक पाहता येईल, अशी मर्यादा घालण्यात आली. शिलक पाहण्यावर मर्यादा हा नियम वरवर विनोदी वाटतो, पण फुकट मिळणाऱ्या सेवेचा भार कोणीतरी वाहत असतो याची ती अधिकृत कबुलीच आहे.

निवड एकदाच, परिणाम दीर्घकाळ

संगणकप्रणालीची निवड हा तांत्रिक विभागाचा विषय मानण्याची प्रवृत्ती अजूनही आढळते. ३० ऑगस्ट २०१९ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी दहा सार्वजनिक बँकांचे चार बँकांमध्ये विलीनीकरण जाहीर केले, तेव्हा या समजुतीचा फोलपणा दिसून आला. कोणती बँक कोणत्या बँकेत जाईल याच्या समर्थनार्थ मांडलेल्या मुद्द्यांमध्ये दोन्ही बँकांची कोअर बँकिंग प्रणाली समान असल्याचाही मुद्दा होता. पंजाब नॅशनल बँक, ओरिएंटल बँक ऑफ कॉमर्स आणि युनायटेड बँक ऑफ इंडिया या तिन्ही ‘फिनॅकल’वर होत्या. कॅनरा आणि सिंडिकेट या ‘फ्लेक्सक्यूब’च्या घराण्यातील, तर इंडियन बँक आणि अलाहाबाद बँक टाटा कन्सल्टन्सीच्या ‘बँक्स’ प्रणालीवर. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी निविदा उघडताना घेतलेल्या निर्णयांनी पुढे या बँकांचे सोयरिक जुळविण्यास हातभार लावला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

प्रणाली एक असली तरी प्रत्येक बँकेने आपल्या गरजेनुसार तिच्यात केलेले फेरफार वेगवेगळे असतात. विलीनीकरण १ एप्रिल २०२० रोजी अमलात आले. पण ओरिएंटल आणि युनायटेड बँकेच्या खातेदारांचे जुने आयएफएससी संकेतांक बदलण्यास एप्रिल २०२१ उजाडले. ही घाई टाळली, हे बरेच झाले. ब्रिटनमधील टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये पन्नास लाखांहून अधिक ग्राहकांची खाती एकाच वेळी नव्या प्रणालीवर नेली आणि त्यांपैकी सुमारे १९ लाख ग्राहकांना आपल्याच खात्यापर्यंत पोहोचता येईना. तेथील नियामकांनी डिसेंबर २०२२ मध्ये बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांहून अधिक दंड केला. पुढील वर्षी बँकेच्या तत्कालीन मुख्य माहिती अधिकाऱ्यालाही व्यक्तिशः दंड झाला. भारतात तंत्रज्ञानातील त्रुटींसाठी अशी व्यक्तिगत जबाबदारी निश्चित करण्याची प्रथा अद्याप रुळलेली नाही.

खातेवहीचा मागचा दरवाजा

कोअर बँकिंगमुळे सर्व व्यवहार एका ठिकाणी दिसतात, असे मानले जाते. ते अर्धसत्य आहे. जे व्यवहार त्या प्रणालीत नोंदविले जातात, तेच दिसतात. २०१८ आणि २०१९ या दोन वर्षांत महाराष्ट्रातच घडलेल्या तीन प्रकरणांनी ही गोष्ट ठेवीदारांना महागात पडू शकते, हे दाखवून दिले.

पहिले प्रकरण पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील ब्रॅडी हाऊस शाखेचे. फेब्रुवारी २०१८ मध्ये ते उघडकीस आले, तेव्हा रक्कम ११,४०० कोटी रुपयांच्या घरात होती. नंतर ती आणखी वाढली. परदेशातील बँकांना हमी देणारी ‘लेटर ऑफ अंडरटेकिंग’ ही पत्रे शाखेतून ‘स्विफ्ट’ या आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीद्वारे जात होती, पण त्यांची नोंद कोअर बँकिंगमध्ये होत नव्हती. दोन्ही प्रणाली एकमेकींशी जोडलेल्याच नव्हत्या. एकीकडून हमी बाहेर जात होती आणि दुसरीकडे खातेवही स्वच्छ दिसत होती. स्विफ्टच्या संभाव्य गैरवापराबाबत ऑगस्ट २०१६ पासून किमान तीनदा बँकांना सावध केले होते, असे रिझर्व्ह बँकेने त्यानंतर जाहीर केले आणि दोन्ही प्रणाली जोडण्यासाठी ३० एप्रिल २०१८ ही मुदत घालून दिली. म्हणजे उपाय माहीत होता आणि तो फार खर्चिकही नव्हता. तो अमलात आणण्याची निकड मात्र कोणाला वाटली नव्हती.

दुसरे प्रकरण पुण्यातील कॉसमॉस सहकारी बँकेचे. ऑगस्ट २०१८ मध्ये हल्लेखोरांनी एटीएम व्यवहार हाताळणाऱ्या यंत्रणेत शिरकाव करून तिच्या जागी बनावट यंत्रणा उभी केली. एटीएममधून येणाऱ्या विनंत्या कोअर बँकिंगपर्यंत पोहोचण्याऐवजी मधल्या मध्ये मंजूर होऊ लागल्या. बनावट कार्डांच्या साहाय्याने २८ देशांतून काही तासांत पैसे काढले गेले आणि दोन दिवसांनी स्विफ्टमार्गे हाँगकाँगमधील खात्यात आणखी रक्कम वळविण्यात आली. एकूण नुकसान ९४ कोटींवर गेले. ग्राहकांच्या खात्यांतून रक्कम वजा झाली नाही, कारण मध्यवर्ती खातेवहीला या व्यवहारांची वार्ताच नव्हती.

तिसरे प्रकरण अधिक व्यथित करणारे आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि हजारो ठेवीदारांना स्वतःचेच पैसे काढता येईनात. एका बांधकाम उद्योगसमूहाला दिलेली सुमारे साडेसहा हजार कोटींची कर्जे लपविण्यासाठी २१ हजारांहून अधिक बनावट खाती दाखविण्यात आली होती. ही खाती रिझर्व्ह बँकेला दिलेल्या तपशिलात होती, पण कोअर बँकिंग प्रणालीत नव्हती. येथे बाहेरच्या हल्लेखोराची गरजच पडली नाही.

पहिल्या प्रकरणात जोडणी केलेली नव्हती, दुसऱ्यात ती चोरांनी तोडली आणि तिसऱ्यात बँकेच्या प्रमुखांनीच खातेवहीला बगल दिली. तिन्ही ठिकाणी संगणकप्रणाली नामांकित की सामान्य, याला फारसे महत्त्व नव्हते. प्रणालीत काय नोंदविले जाते आणि बाहेर जाणारा पैसा त्या नोंदींशी जुळतो का, हे रोज तपासणारी व्यक्ती कोण, हा खरा प्रश्न होता. जुन्या काळी शाखेतील हिशेबनीस दिवसअखेर रोख आणि खातेवही जुळल्याखेरीज घरी जात नसे. संगणक आल्यावर तो मेळ आपोआप बसतो, असे गृहीत धरले गेले.

समिती आणि तिच्यातील माणसे

रिझर्व्ह बँकेने ७ नोव्हेंबर २०२३ रोजी माहिती तंत्रज्ञानाच्या कारभाराविषयी सविस्तर निर्देश जारी केले आणि १ एप्रिल २०२४ पासून ते लागू झाले. त्यानुसार संचालक मंडळाच्या पातळीवर माहिती तंत्रज्ञान धोरण समिती आवश्यक ठरली. तिची बैठक दर तिमाहीत किमान एकदा व्हावी आणि अध्यक्षपदी या क्षेत्राचा पुरेसा अनुभव असलेले स्वतंत्र संचालक असावेत, अशी अपेक्षा आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बाहेरच्या कंपन्यांकडून घेतल्या जाणाऱ्या तंत्रज्ञान सेवांविषयीही निर्देश निघाले होते. काम बाहेर सोपविता येते, पण जबाबदारी बँकेचीच राहते, हे त्यात स्पष्ट करण्यात आले.

हे निर्देश आवश्यकच होते. तरीही समिती नेमल्याने संचालकांना प्रश्न विचारता येतीलच, असे नाही. तंत्रज्ञानावरील खर्चाचे दोन भाग असतात. नवे ॲप, नवी सेवा, नवे बोधचिन्ह यांचे उद्घाटन करता येते, वार्षिक अहवालात छायाचित्र छापता येते. जुने सॉफ्टवेअर अद्ययावत करणे, बदली झालेल्या अधिकाऱ्याचा पासवर्ड त्याच दिवशी बंद करणे, पर्यायी केंद्रावर प्रत्यक्ष काम चालवून पाहणे यांचे उद्घाटन होत नाही. कोटक बँकेविषयीच्या आदेशातील त्रुटींची यादी पुन्हा वाचली, तर ती जवळपास संपूर्णपणे या दुसऱ्या भागातील आहे. सार्वजनिक बँकांत याला बदल्यांच्या पद्धतीचीही जोड मिळते. तंत्रज्ञान विभागात स्थिरावलेला अधिकारी काही वर्षांनी एखाद्या विभागीय कार्यालयात कर्जवसुलीच्या कामावर जातो आणि प्रणालीची खरी माहिती पुरवठादार कंपनीच्या अभियंत्यांकडेच उरते.

लहान बँकांची स्थिती याहून नाजूक आहे. देशात साडेचौदाशेच्या आसपास नागरी सहकारी बँका आहेत आणि त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रात आहेत. २०२३ चे कारभारविषयक निर्देश या बँकांना लागू करण्यात आले नाहीत. त्यांच्यासाठी डिसेंबर २०१९ मध्ये डिजिटल सेवांच्या व्याप्तीनुसार चार स्तरांची सायबर सुरक्षा चौकट आखण्यात आली होती. पाच-सात शाखांच्या बँकेला स्वतःचे डेटा सेंटर उभारणे परवडत नाही. त्यामुळे अशा अनेक बँका एखाद्या सेवा कंपनीची कोअर बँकिंग प्रणाली मासिक शुल्कावर वापरतात. आर्थिकदृष्ट्या हा निर्णय योग्यच आहे. पण त्यामुळे शेकडो बँकांचे भवितव्य एका पुरवठादाराशी बांधले जाते.

याचा प्रत्यय जुलै २०२४ अखेरीस आला. स्टेट बँक आणि टाटा कन्सल्टन्सी यांच्या संयुक्त भागीदारीतील सी-एज या कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला. प्रादुर्भाव पसरू नये म्हणून राष्ट्रीय देयके महामंडळाने या कंपनीला किरकोळ देयक व्यवस्थेपासून तात्पुरते वेगळे केले. परिणामी सुमारे ३०० लहान सहकारी आणि ग्रामीण बँकांच्या ग्राहकांना यूपीआय आणि अन्य सेवा वापरता येईनात. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. देशातील एकूण देयकांच्या तुलनेत या बँकांचा हिस्सा अत्यल्प होता, म्हणून महानगरांत या घटनेची फारशी चर्चा झाली नाही. ज्या तालुक्याच्या ठिकाणी दुसरी बँकच नाही, तेथील दुकानदारासाठी मात्र तो दिवस पूर्ण बंदचा होता.

नागरी सहकारी बँकांसाठी मार्च २०२४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिखर संस्थेकडून सामायिक तंत्रज्ञान सेवा पुरविण्याची अपेक्षा आहे. मे २०२५ पासून ‘एक राज्य, एक ग्रामीण बँक’ या धोरणानुसार विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक एकत्र आल्या आहेत. प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे गावोगावच्या विविध कार्यकारी सोसायट्यांच्या संगणकीकरणासाठी केंद्राने जून २०२२ मध्ये २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तिच्यात सुरुवातीस ६३ हजार संस्थांचा समावेश होता. बँकांच्या संकेतस्थळांची ओळख पटावी म्हणून त्यांना ‘बँक डॉट इन’ या स्वतंत्र पत्त्यावर आणण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत देण्यात आली होती. एकत्रीकरणाची दिशा स्पष्ट आहे आणि लहान संस्थांना त्याशिवाय पर्यायही दिसत नाही.

या योजनांत यंत्रसामग्री, सॉफ्टवेअर आणि प्रशिक्षणासाठी तरतूद आहे. सोसायटीचा गटसचिव, ज्याच्याकडे अनेकदा एकाहून अधिक गावांच्या संस्था असतात, तो आता कीर्दखतावणीबरोबरच संगणकावरील नोंदीही करणार आहे. त्या नोंदी आणि प्रत्यक्ष वाटप झालेले पीककर्ज यांचा मेळ कोणी, किती दिवसांनी घालायचा आणि तो बसला नाही तर कोणाला कळवायचे, हे जिल्हा मध्यवर्ती बँकांना यंत्रे पोहोचण्याआधीच ठरवावे लागेल.